फाटकाशी बसलेली नीरा

सोलापूरहून आजोळी निघालं की अक्कलकोट रोड मागे पडताच आई खिडकीशी सरकायची. दुधनी आलं की न चुकता म्हणायची, "शांता आपटे इथली बरं का. वडील स्टेशनमास्तर होते." गाडी मिनिटभर थांबून सुटायची. मला फलाटाखेरीज काही दिसायचं नाही. आईनं मात्र शांताबाईंचा 'कुंकू' हा चित्रपट बाराव्या वर्षी पाहिला होता, आणि तिच्या सख्ख्या मावशीला घरच्यांनी बिजवराला दिलं होतं. त्या दोन गोष्टी ती एका दमात सांगायची.

पुढं चौतीस वर्षं मी शाळेत गाणं शिकवलं. त्या कानानं आज 'कुंकू' पाहते तेव्हा आई कशानं हलली होती ते कळतं.

शांताबाईंचा जन्म 1916 चा. वडिलांना गाण्याचं वेड. मुलीला त्यांनी पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शिकायला ठेवलं. गणेशोत्सवातल्या मेळ्या-कार्यक्रमांत ती लहानपणीच गाऊ लागली. 1932 साली भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर'मध्ये तिला राधा केलं. कृष्ण होते शाहू मोडक. चित्रपट नुकता बोलू लागला होता. 'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला, आणि मग 'प्रभात' फिल्म कंपनीनं तिला बोलावलं. 'अमृतमंथन' (1934), 'अमरज्योती' (1936) या चित्रांनी तिचं नाव मराठी मुलखाबाहेर गेलं.

त्या काळच्या पडद्यावरच्या गाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तिनं काय केलं ते ध्यानात येणार नाही. आपल्याकडे गाणारा नट रंगभूमीवरून आलेला. पद सुरू झालं की नाटक थांबायचं, नट एका जागी उभा राहायचा, ताना घ्यायचा, वन्समोअर घ्यायचा. सुरुवातीच्या बोलपटात यात मायक्रोफोनची अडचण वाढली. गाणं कॅमेऱ्यापुढेच गायचं, साथीदार चौकटीबाहेर दडलेले, म्हणजे मान वळवायचीही चोरी. शांताबाई गाताना हलतात. डोळे फिरतात, हात बोलतात, ओळीच्या मध्येच चेहरा बदलतो. केशवराव भोळ्यांच्या चालींना हे फार मानवलं, कारण त्यांना पदातला शब्द पोचायला हवा होता, तानेची आतषबाजी नको होती. माझ्या विद्यार्थिनींना मी हेच सांगत आले: शांताबाईंचा आवाज काही हिराबाई बडोदेकरांसारखा रेशमी नाही, पण ती गाते तेव्हा बोलणं थांबत नाही.

'कुंकू' 1937 चा. ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, दिग्दर्शन व्ही. शांतारामबापूंचं. नीरा ही मामाकडं वाढलेली पोरकी मुलगी, फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली. देवलांच्या 'शारदा' नाटकापासून जरठ-कुमारी विवाह आपल्याला ठाऊक होता. पण शारदेचं लग्न बोहल्यावर मोडतं, तिला दुसरी माणसं वाचवतात. नीरेचं लग्न लागून जातं. तिला वाचवायला कुणी नाही, म्हणून ती स्वतःच नाही म्हणते. नवऱ्याच्या घरात राहूनही हे लग्न मी मानत नाही असं म्हणते, तिच्यावर वाईट नजर ठेवणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते, आणि याच घरात लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांची कीव येते, येवढं ते काम मोठं आहे. तरी चित्र नीरेचंच राहतं. सबंध चित्राला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज आहेत, भिंतीवरच्या घड्याळाचा ठोका आहे. अशा उघड्या शांततेत गायिकेला लपायला जागा नसते. शांताबाई लपत नाहीत.

हेच चित्र हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून निघालं, म्हणजे कलावंतांना एकच भूमिका दोन भाषांत उभी करावी लागायची. मोबदला ठरलेला महिन्याचा पगार, आणि करार असा की कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर काम नाही. मोठ्या कंपन्यांची रीतच ती होती.

1939 साली करारावरून आणि पगारावरून वाद झाला आणि शांताबाई पुण्याला 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वर्षभरापूर्वी याच कंपनीच्या 'गोपाळकृष्ण'मध्ये त्या राधा होत्या. पत्रांतून गहजब झाला. नटीचा हट्ट, प्रसिद्धीचा सोस, असं पुष्कळांना वाटलं. मला ते तसं वाटत नाही. सत्याग्रह हे देशाचं हत्यार होतं, ते एका बाईनं आपल्या मजुरीसाठी उचललं. कामगार बायकांच्या लढ्यांचा इतिहास लिहिताना गिरणीच्या फाटकाबरोबर हे फाटकही मोजलं पाहिजे. त्यांच्याविषयी दंतकथा बऱ्याच आहेत. त्यांत शिरायची मला गरज वाटत नाही. हे उपोषण पुरेसं आहे.

आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. 1940 साली त्यांचं पुस्तक आलं, 'जाऊ मी सिनेमात?' हा प्रश्न त्यांना मुली विचारत असणार. उत्तरादाखल त्यांनी धंद्याची आतली बाजू मांडली: पैसा कुणाचा, राबतं कोण, नफा कुणाला. चोवीस वर्षांची मुलगी, यशाच्या शिखरावर असताना, आपल्याच धंद्याचा हिशेब मांडते, याचं मला आजही नवल वाटतं.

'प्रभात' सुटल्यावर त्या थांबल्या नाहीत. 1941 च्या तमिळ 'सावित्री'साठी तमिळ शिकून सावित्री केली. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पुढं लाहोर, मुंबई, हिंदी, मराठी, काम चालू राहिलं. पण नीरेच्या तोडीची भूमिका पुन्हा मिळाली नाही. पार्श्वगायन रुळलं, गाणारी एक आणि दिसणारी दुसरी अशी वाटणी झाली. वसंत देसाईंच्या संगीताच्या 'सुभद्रा'त (1946) शांताबाईंबरोबर गायल्या तरुण लता मंगेशकर. त्या द्वंद्वगीतात मला दोन जमाने एका मायक्रोफोनशी उभे दिसतात.

फेब्रुवारी 1964 मध्ये शांताबाई मुंबईत वारल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. 'प्रभात'च्या आवारात तोवर चित्रपटाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आली होती. आज तिथं मुली कॅमेरा चालवायला शिकतात.

तुमच्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत 'जाऊ मी सिनेमात?'ची जुनी प्रत असेल, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला द्या, आणि देण्याआधी घरातल्या मुलींना वाचून दाखवा.