समुद्राकडे तोंड करून वसवलेलं आलप्पुळा

केरळातल्या आलप्पुळ्याला, म्हणजे जुन्या नकाशांतल्या अलेप्पीला, आलेला पाहुणा बहुधा पूर्वेकडे वळतो. बोटजेटीवरून पुन्नमडा, तिथून वेंबनाडचा अफाट जलाशय, दोन्ही काठांना माड आणि त्यांच्या पलीकडे कुट्टनाडची भातखाचरं. हा देखावा निसर्गानं आयता मांडून ठेवला आहे असं वाटतं आणि पाहुणा त्यातच रमून परततो. पण हे शहर वसवलं गेलं ते पश्चिमेला तोंड करून. आलप्पुळा हे आखून, खणून, व्यापारी बोलावून उभं केलेलं बंदर आहे. त्याच्या पाण्यात निसर्गाइतकाच माणसांच्या कष्टांचा वाटा आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर त्रावणकोरच्या राजांनी उत्तरेकडची लहान संस्थानं एकेक करून जिंकली. चेंपकश्शेरीचं राज्य १७४६ मध्ये त्यांच्याकडे आलं आणि मिरी पिकवणारा मोठा मुलूख हाती लागला. माल होता, पण तो परदेशी धाडायला सोयीचं बंदर नव्हतं. या किनाऱ्यावरचं उत्तम नैसर्गिक बंदर कोचीचं आणि तिथे १६६३ पासून डच ठाण मांडून होते. म्हणून कार्तिक तिरुनाळ राम वर्मा यांच्या कारकिर्दीत १७६२ मध्ये आलप्पुळ्याचं बंदर व्यापाराला खुलं झालं. त्याचं श्रेय सरसकट दिवाण राजा केशवदास यांना दिलं जातं. केशवदासांचा जन्म १७४५ चा, म्हणजे बंदर खुलं झालं तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. शहराला आकार देण्याचं त्यांचं काम नंतरच्या दशकांतलं. ते इतकं मोठं आहे की आधीचं वर्षही त्यांच्या नावावर टाकायची गरज नाही.

बंदर म्हणावं तर इथे ना खाडीचं मुख, ना आडोसा देणारं बेट. समोर उघडा अरबी समुद्र. तरीही जागा अचूक निवडलेली होती, कारण या किनाऱ्याला गाळाची देणगी आहे. पावसाळ्यात इथे तळाचा मऊ गाळ ढवळून पाण्यात मिसळतो, त्याचा दाट थर तयार होतो आणि येणाऱ्या लाटांचा जोर तो आतल्या आत जिरवतो. सगळा पश्चिम किनारा खवळलेला असताना या पट्ट्यात पाणी शांत राहतं. जहाजांना भर पावसाळ्यात नांगर टाकता येई. मासळीही तिथेच गोळा होते. मल्याळी कोळी त्या सुगीला ‘चाकरा’ म्हणतात आणि वर्षभर तिची वाट पाहतात. हा गाळ एका जागी कायम राहत नाही, किनाऱ्यानं सरकत असतो. आलप्पुळ्याच्या दक्षिणेला असलेलं पुरक्काड हे या भागातलं जुनं बंदर. नव्या बंदराचा जम बसला तसं ते मागे पडलं.

आता प्रश्न उरला तो डोंगरातला माल किनाऱ्यापर्यंत आणण्याचा. पंपा, मणिमला, मीनच्चिल या नद्या घाटावरून उतरून वेंबनाडच्या पाण्याला मिळतात. मिरी, वेलदोडे, सुंठ, साग हे सगळं पाण्यावरून तिथवर येई. जलाशयापासून समुद्राकाठापर्यंतचा शेवटचा टप्पा कालव्यांनी जोडला. वाडई कालवा आणि कमर्शियल कालवा हे दोन समांतर कालवे आजही शहरातून पूर्व-पश्चिम जातात. गलबतं आत यावीत म्हणून ते खणलेलेच नव्हते. आतल्या मुलखातल्या होड्या वखारीच्या दारात लागाव्यात, एवढ्यासाठी ते होते. त्यामुळे वखारी कालव्यांच्या काठांनी उभ्या राहिल्या, रस्ते काठांनी धावले आणि जागोजागी पूल आले. शहराचा नकाशा मालाच्या वाटेनं आखला गेला.

व्यापारी मात्र बाहेरून आणावे लागले. कच्छ, गुजरात आणि सिंधमधल्या व्यापाऱ्यांना जागा व सवलती देऊन इथे वसवलं. गुजराती वस्ती आणि तिथलं जैन मंदिर ही त्याचीच खूण. गोव्याशी नातं सांगणारे व्यापारीही आले, पण ते आमंत्रणानं नव्हे, जीव वाचवून. पोर्तुगीज अमलात गोवा सोडलेले गौड सारस्वत कोचीत स्थिरावले होते. १७९१ मध्ये कोचीचे राजे शक्तन तंपुरान यांच्याशी त्यांचा संघर्ष पेटला आणि अनेक कोकणी व्यापारी मारले गेले. उरलेल्यांनी आपल्या तिरुमल देवळातली वेंकटाचलपतीची मूर्ती उचलली आणि त्रावणकोरची हद्द गाठली. पुढे ती मूर्ती आलप्पुळ्यात होती. १८५३ मध्ये ती पुन्हा कोचीला नेली गेली. देव परत गेला, पण कोकणी कुटुंबं, त्यांची देवळं आणि त्यांची भाषा आलप्पुळ्यात टिकून राहिली.

मराठी वाचकाला इथे आणखी एक ओळखीचं नाव भेटतं. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले, १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले. १८५८ ते १८७२ ते त्रावणकोरचे दिवाण होते. पुढे इंदूर आणि बडोद्यातही त्यांनी दिवाणगिरी केली आणि आपल्याकडे त्यांची आठवण काढली जाते ती बडोद्यामुळे. त्रावणकोरमधलं त्यांचं काम मात्र काकणभर सरसच ठरेल. मिरीच्या व्यापारावरचा सरकारी मक्ता त्यांच्याच काळात उठला. ब्रिटिश इलाखा आणि कोची यांच्याशी १८६५ मध्ये झालेल्या करारानं जकातीच्या अडचणी कमी झाल्या. आलप्पुळ्याचं दीपगृह १८६२ मध्ये उजळलं तेही त्यांच्याच दिवाणगिरीत. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकाचं नावच ‘स्टॅच्यू’ पडलं आहे.

याच काळात खासगी भांडवलाला वाव मिळाला. त्यात पुढे निघाला तो काथ्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जेम्स डारा या अमेरिकन व्यापाऱ्यानं १८५९ मध्ये आलप्पुळ्यात काथ्याच्या चटया विणण्याचा पहिला कारखाना काढला. माग कारखान्यात आले, पण काथ्याचं खरं काम खेड्यांतच राहिलं आणि ते मुख्यतः बायकांच्या हातात होतं. हिरव्या नारळाची सोडणं खाऱ्या-गोड्या पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवायची. मग ती बाहेर काढून लाकडी सोट्यानं बडवायची, तंतू सुटे करायचे, वाळवायचे आणि रहाटावर त्यांचं सूत वळायचं. कुजट पाण्याचा वास अंगाला चिकटून राही आणि कंबरभर पाण्यात उभं राहावं लागे. सुताच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. अंजेंगो आणि वैकम या त्यांपैकीच. युरोपातल्या घरांच्या उंबऱ्यावर पडलेल्या पायपुसण्यांमागे ही सगळी मेहनत होती. दाम मात्र या बायकांच्या हाती फारच थोडा पडे.

एकाच शहरात इतके कामगार एकत्र आले, तेव्हा संघटना होणारच होती. १९२२ मध्ये वाडप्पुरम पी. के. बावा यांच्या पुढाकारानं त्रावणकोर लेबर असोसिएशन उभी राहिली. १९३८ मध्ये काथ्या कामगारांनी सार्वत्रिक संप केला. ऑक्टोबर १९४६ मध्ये शेजारच्या पुन्नप्रा आणि वयलारमध्ये काथ्या कामगार, शेतमजूर आणि कोळी दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या राजवटीविरुद्ध उठले. पोफळीच्या लाकडाचे टोकदार भाले घेऊन ते बंदुकांसमोर गेले आणि शेकड्यांनी मारले गेले. केरळच्या डाव्या राजकारणातली ही सर्वांत जिव्हाळ्याची आठवण आहे. तिची पाळंमुळं चटयांच्या कारखान्यांत आहेत.

बंदर ओसरलं ते शेजाऱ्यामुळे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्यानं कोचीच्या मुखाशी आडवा आलेला वाळूचा बांध खोदून खोल मार्ग काढला आणि १९२८ पासून मोठी जहाजं आत येऊ लागली. धक्क्याला लागणारं जहाज सोडून उघड्या समुद्रात होड्यांनी माल चढवण्याची यातायात कोण करणार? आलप्पुळ्याचा व्यापार हळूहळू उत्तरेला गेला. शहराला रेल्वे मिळाली ती थेट १९८९ मध्ये.

रस्ते आणि पूल वाढले तशी धान्य वाहणारी केट्टुवळ्ळंही रिकामी पडली. आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या एकही खिळा न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवून बांधलेल्या या मोठ्या नावा होत्या. १९९० च्या दशकात त्यांच्यावर बांबू आणि चटयांचं छत चढलं, आत पलंग आले आणि त्यांच्या हाउसबोटी झाल्या. आज पाहुणा ज्या नावेत झोपतो तिचा सांगाडा भाताच्या पोत्यांसाठी घडला होता. मागणी वाढली तशा नव्या नावा थेट पर्यटकांसाठीच बांधल्या जाऊ लागल्या. आता त्यांच्या गर्दीमुळे आणि सांडपाण्यामुळे वेंबनाडच्या पाण्यावर ताण पडतो आहे. काथ्याचे मागही अजून चालतात. त्यांच्यावर चढणारा बराचसा तंतू मात्र आता तमिळनाडूहून ट्रकनं येतो.