गोलाई आणि चौक



चौक म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, एवढेंच आपण समजतों. परंतु चौकाचा इतिहास हा ‘आधीं कोणीं जावें’ या प्रश्नाचा इतिहास आहे. त्याचीं दोन उत्तरें आमच्या मराठवाड्यांत दोन शहरीं पाहावयास मिळतात.

पहिलें लातूरचें. निजामी अमदानींत तेथें गंजगोलाई उभी राहिली. मध्यें जगदंबेचें देऊळ, भोंवतीं दुमजली वर्तुळाकार इमारत आणि तीस येऊन मिळणारे सोळा रस्ते! ही आखणी पेठेसाठीं होती, मोटारींसाठीं नव्हे. पण वर्तुळाभोंवतीं वाहनें एकाच दिशेनें फिरवावीं, ही युक्ति पॅरिसकरांनीं आपल्या बारा रस्त्यांच्या एत्वाल चौकांत 1907 सालीं अमलांत आणिली होती.

दुसरें उत्तर दिव्यांचें. 1868 च्या डिसेंबरांत लंडनला पार्लमेंटजवळ ग्यासचा दिवा लागला. पुढच्याच महिन्यांत तो फुटून पोलीस शिपाई जखमी झाला. विजेचे दिवे 1914 सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं आले. वर्तुळ वाहनांस जागा वांटून देतें. दिवा वेळ वांटून देतो.

नांदेडास 2008 सालीं गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली. त्या सुमारास तेथील रस्ते रुंद झाले. रुंद रस्त्यांच्या मधोमध दुभाजक असतो. त्यामुळें गाडी वाटेल तेथें माघारी वळविणें संपलें. आतां सिग्नलपर्यंत जावें आणि उजवीकडे वळणाऱ्यांच्या हिरव्या दिव्यांतच यू-टर्न घ्यावा, असा प्रघात पडला.

गेल्या पावसाळ्यांत अशाच एका चौकांत माझा एक जुना विद्यार्थी स्कूटरवरून डावीकडे वळतांना, माघारी वळणाऱ्या रिक्षावर आदळला. त्याचें मनगट मोडलें. रिक्षावाला म्हणे, “माझा दिवा हिरवा होता.” हा म्हणे, “डावी वाट मोकळी होती.” दोघेही खरेंच बोलत होते.

असें कसें झालें? रिक्षा दक्षिणेकडून येऊन पुन्हां दक्षिणेसच निघाली होती. स्कूटर पूर्वेकडून येऊन डावीकडे, म्हणजे दक्षिणेसच, वळत होती. आपण रस्त्याच्या डाव्या अंगानें चालतों. म्हणून वळतांना नजर उजवीकडे जाते. 1989 च्या वाहतूक-नियमांतही मुख्य रस्ता ठरलेला नसेल तेथें उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी, असें होतें. रिक्षा मात्र त्याच्या डावीकडून आली.

तीच रिक्षा मोठ्या वर्तुळास वळसा घालून आली असती, तर पश्चिम आणि उत्तर फिरून ती स्कूटरवाल्याच्या उजवीकडून, त्याच्या नजरेसमोरून आली असती. वर्तुळाचा खरा गुण हा आहे.

प्रत्येक चौकांत गोलाई बांधण्यास जागा कोठून आणावी? पण गोलाईचें तत्त्व घेतां येईल. उजवीकडे वळणाऱ्यांचा दिवा हिरवा असेपर्यंत बाजूच्या रस्त्यावरील डावें वळण थांबवावें. किंवा चौकांत यू-टर्न बंद करून पुढें दुभाजकांत त्यासाठीं जागा ठेवावी. एकाच वाटेवर दोघांस एकाच वेळीं हिरवा दिवा दाखवूं नये.

मी चाळीस वर्षें मुलांस ‘आधीं उजवीकडे पाहा’ असें शिकविलें. त्या विद्यार्थ्यानें तेंच केलें होतें. आतां नातवंडांस सांगतों, “चौकांत वळतांना डावीकडेही पाहा.”