काँग्रेस रेडिओची तार

बिनतारी संदेशाच्या इतिहासांत तारेला फारसें स्थान मिळालेलें नाहीं, हें त्या नांवाला शोभेसेंच आहे. आपण यंत्र पाहतों, आवाज ऐकतों. आणि जिच्यावांचून तें यंत्र मुकें व बहिरें राहिलें असतें, ती तांब्याची तार छपरावर ऊनपाऊस खात पडलेली असते. तिला पूर्वीं एरियल म्हणत, आतां अँटेना म्हणतात. मार्कोनीच्या १८९५ च्या प्रयोगांत संदेशाचें अंतर एकदम वाढलें तें तारेचें एक टोंक उंच चढवून दुसरें जमिनीशीं जोडल्यावर. हौशी बिनतारीवाल्यांना हें मर्म तेव्हांपासून ठाऊक आहे. यंत्रावर शंभर रुपये खर्चण्यापूर्वीं ते तार एक हात उंच बांधून पाहतात.

आपल्या देशांत अशा हौशी लोकांची परंपरा १९२१ पासूनची. त्या सालीं अमरेंद्रचंद्र गुप्तु यांना पहिला परवाना मिळाला. १९२९ पासून हिंदी केंद्रांच्या नांवाआधीं ‘व्हीयू’ हीं अक्षरें लागूं लागलीं. १९३९ मध्यें युद्ध सुरू झालें आणि सरकारनें हौशी परवाने रद्द केले. ज्यांचे परवाने गेले त्यांत मुंबईचे नरिमन प्रिंटर हे एक होते. पुढील हकीकत त्यांच्याशिवाय सांगतां येत नाहीं, आणि केवळ त्यांच्या कौतुकानेंही ती सांगतां येत नाहीं.

१९४२ च्या ऑगस्टमध्यें पुढारी पकडले गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप पडलें. तेव्हां बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी वगैरे मंडळींनीं गुप्त ध्वनिक्षेपण केंद्र काढण्याचें ठरविलें. यंत्र बांधून देण्याचें काम प्रिंटर यांचें. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनीं साहाय्य केलें, डॉ. राममनोहर लोहिया पाठीशीं उभे राहिले. २७ ऑगस्टला पहिलें भाषण झालें. लहर होती ४२.३४ मीटरांची.

हा आंकडा पुस्तकांतून सर्वत्र छापलेला आढळतो, पण त्याचा अर्थ कोणी फारसा लावीत नाहीं. प्रकाशाच्या वेगास ह्या लांबीनें भागलें तर सुमारें ७०८५ किलोसायकल, म्हणजे आजच्या भाषेंत किलोहर्ट्झ, येतात. हौशी लोकांचा जो ‘चाळीस मीटरांचा’ पट्टा, तो ७००० पासून सुरू होतो आणि आपल्याकडे आज ७२०० पर्यंत आहे. म्हणजे राष्ट्राचा तो गुप्त आवाज हौशी माणसांच्या अंगणांतूनच निघत होता. यांत आम्हांला नवल वाटत नाहीं. हौशी माणसानें बांधलेलें यंत्र हौशी लहरीवरच सहजपणें चालावयाचें.

परंतु लहर ठरली कीं तारेची लांबीही ठरते. चांगली तार लहरीच्या निम्म्याएवढी लागते. ४२.३४ चे निम्मे २१.१७ मीटर, त्यांतून टोंकांच्या परिणामामुळें शेंकडा पांच वजा जातां सुमारें २०.१ मीटर, म्हणजे ६६ फूट. यंत्र पेटींत घालून टॅक्सीनें नेतां येतें, सहासष्ट फुटी तार चौपाटीच्या इमारतींत कोठें लपवावी? ती वळवितां येते, आखूड करून गुंडाळीच्या साह्यानें जुळवितां येते; पण प्रत्येक आडपडद्याची किंमत आवाजाच्या जोरांतून वजा होते. जी तार चांगली ऐकूं जाते, ती चांगली दिसतेही. गुप्त केंद्राच्या धैर्याचें वर्णन करतांना आपण पोलिसांच्या गाड्यांचेंच करतों. ही रोजची, वितावितानें मोजावी लागणारी अडचण आमच्या मतें तितकीच खरी होती.

शिवाय बिऱ्हाड एका जागीं टिकत नव्हतें. चौपाटीवरील ‘सी व्ह्यू’, लॅबर्नम रस्त्यावरील ‘अजित व्हिला’, वाळकेश्वरचा ‘रतन महाल’, सँडहर्स्ट रस्त्यावरील ‘लक्ष्मी भुवन’ अशी जागा बदलावी लागे. शोधक गाड्यांवरील कड्याच्या आकाराची अँटेना फिरविली, कीं एका दिशेस आवाज अगदीं बारीक होतो. त्यावरून केंद्राची रेषा समजते, आणि दोन ठिकाणांहून अशा दोन रेषा काढल्या कीं त्या जेथें छेदतील तेथें केंद्र. मात्र गाडी तेथें पोंचेपर्यंत बोलणारा बोलत राहिला पाहिजे. म्हणून भाषण थोडें आणि मुक्काम थोडा.

अखेर केंद्र सांपडलें तें माणसाच्या तोंडून. प्रिंटर पोलिसांच्या हातीं लागले आणि त्यांनीं माहिती दिली. १२ नोव्हेंबरला गिरगांवांतील पारेखवाडींत छापा पडला. १९४३ मध्यें विशेष न्यायालयानें बाबूभाईंना पांच वर्षांची, उषाबाईंना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरींना एका वर्षाची शिक्षा दिली, मोटवाने सुटले. प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले होते. त्यांना नुसतें द्रोही म्हणून सोडून देणें सोपें आहे. ज्या हातांनीं केंद्र उभें केलें त्यांनींच तें दाखवून दिलें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नांवावर मांडाव्या लागतात. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, कीं त्या केंद्राचीं भाषणें आज वाचावयास मिळतात तीं बव्हंशीं पोलिसांनीं ऐकून टिपून ठेवल्यामुळें.

मुंबईंत हें चाललें असतां तिची वीज ज्या डोंगरपायथ्याहून येत होती, तेथेंही स्वस्थता नव्हती. खालापूर तालुक्यांतील खोपोलीचें वीजघर १९१५ चें, कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ चें. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें त्याच महिन्यांत विजेच्या तारांचे लोखंडी मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. आमचे वाचक माथेरानला जातांना नेरळास उतरतात. तेथून कळंबच्या रस्त्यानें गेलें कीं पोशीर लागतें. हाच तो मुलूख.

गिरगांव पोशीरपासून सरळ रेषेंत सुमारें साठ किलोमीटर. पण मध्यें माथेरानचा डोंगर आडवा. ४२ मीटरांची लहर जमिनीलगत ह्या अडथळ्यांतून फारच क्षीण होऊन येते. ती येते ती आकाशांतून. वीसपंचवीस फुटांवर आडवी बांधलेली तार आपला बहुतेक जोर थेट वर फेंकते, अडीचतीनशें किलोमीटरांवरील विद्युन्मय थर तो परत खालीं पाठवितो, आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंस सारखाच पाऊस पडावा तशी ती लहर दूरवर उतरते. रात्र चढते तसा थर विरळ होतो. मग उभी चढलेली लहर भेदून जाते आणि जवळचीं गांवें वगळून दूरचीं ऐकूं लागतात. सह्याद्रीच्या कुशींतील श्रोत्याला उंच मनोऱ्याची आस नसावी, ती ह्यामुळें.

पोशीरसारख्या गांवीं ही तार उभारून पाहणें आज कोणाही जिज्ञासूस शक्य आहे. ऐकण्यापुरतें कोणाचेंही काम. बोलावयाचें असेल तर परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. दोन आंब्यांमध्यें सत्तर-पंचाहत्तर फुटांचें अंतर पुरे. तार सहासष्ट फुटांहून थोडी लांबच कापावी, मधोमध तोडून तेथें घरांत येणारी केबल जोडावी, दोन्ही टोंकांस चिनी मातीचे इन्सुलेटर आणि त्यांपुढें नायलॉनची दोरी. मग दोन्ही टोंकें सारखीं दुमडीत जावें. एकूण एक फूट कमी झाला कीं तार शंभरेक किलोहर्ट्झनें वर सरकते. दोरी झाडाला आवळून बांधूं नये, कारण वाऱ्यानें झाड हललें कीं तार तुटते. दोरी कप्पीवरून घेऊन टोंकाशीं दगडाचें वजन लोंबकळत ठेवावें. ह्या भागांतील आषाढाचा पाऊस इन्सुलेटरवरून वाहूं लागला म्हणजे मोजमापें थोडीं बदलतात, तीं कोरड्या दिवशीं पुन्हा घ्यावींत. आणि माथेरानवर ढग गडगडूं लागले कीं केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर टाकावी.