पंप थांबला, पाणी थांबलं नाही

रविवार, 11 ऑक्टोबर 2020, संध्याकाळी 6.30
ठाण्यातलं घर, हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी. लांबी चार फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट, पाणी अडीचशे लिटर. खालच्या कपाटात फिल्टरची टाकी, म्हणजे सम्प. खडकामागच्या कोपऱ्यात महिनाभर तपकिरी गाळ साठतोय. तिथे पाणी हलतच नाही.

आकडे विचाराल तर सगळं उत्तम. पाणी ढवळणारे दोन छोटे पंप, म्हणजे वेव्हमेकर, मिळून ताशी 4000 लिटर, टाकीच्या सोळापट. माझ्याकडच्या मशरूम, झोअँथिड आणि लेदर या मऊ प्रवाळांना तेवढं पुरतं. (दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये.) पण माझे दोन्ही वेव्हमेकर उजव्याच काचेवर, एकाखाली एक. खरं तर ते समोरासमोर हवेत. दोन धारा मध्ये आदळल्या की पाणी घुसळतं आणि कोपरे धुतले जातात. एक वेव्हमेकर डावीकडे न्यायचा तर तिकडे प्लग नाही. मग सोपा उपाय काढला. सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड खाली वाकवलं आणि धार खडकामागे सोडली. आधी ते तोंड पाण्याखाली एक इंच होतं, आता चार इंच.

रात्री 10.00
गाळ उडाला, पाणी गढूळ झालं. माशांना रोजच्यापेक्षा जास्त खाणं टाकलं, कारण मी खुशीत होतो.

सोमवार, सकाळी 8.30
पाणी स्वच्छ. कोपरा चकाचक. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवला. तिने विचारलं, "तो गाळ गेला कुठे?" बराचसा सम्पमध्ये आणि उरलेला खडकांच्या फटींत, कुजत. हे मी तिला सांगितलं नाही.

सकाळी 10.05
वीज गेली. ऑनलाइन मीटिंग मध्येच तुटली, त्याचा आनंदच झाला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, वेव्हमेकरची गुरगुर थांबली. त्या शांततेत एकच आवाज येत होता, कपाटातून. घळघळ, घळघळ. पंप बंद होता आणि पाणी वाहत होतं.

सकाळी 10.08
हा सायफन. पंप थांबला की वरचं पाणी त्याच पाइपमधून उलटं खाली येतं. पाइपच्या तोंडात हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही. म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला एक बारीक भोक पाडलेलं असतं. पाणी थोडं उतरलं की भोक उघडं पडतं, हवा आत जाते आणि सायफन तुटतो. माझ्याही पाइपला होतं. दोन वर्षांत त्यावर जांभळट शेवाळाचा दगडी थर चढला होता आणि मी तिकडे कधी पाहिलं नव्हतं. इतके दिवस चालून गेलं, कारण तोंड एक इंचावर होतं. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर, चार इंच म्हणजे 56. सम्पमध्ये रिकामी जागा होती 35 लिटरची.

सकाळी 10.15
राहिलेलं 21 लिटर खारं पाणी फरशीवर. त्याच फरशीवर, कपाटाच्या पायाशी, एक्स्टेन्शन बोर्ड.

सकाळी 10.40
फोनवर बातम्या: मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे अंधार, लोकल जागच्या जागी उभ्या. कळवा-पडघा 400 केव्ही वाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर होता आणि त्यातच बिघाड झाला, असं नंतर ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं. मी चादरीने पाणी पुसत होतो.

दुपारी 12.30
लोकल हळूहळू सुरू झाल्याची बातमी. आमच्याकडे वीज नाही.

टाकीचा पृष्ठभाग काचेसारखा, वर तेलकट साय. 26 अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, गोड पाण्यात आठ. तोही वरचं पाणी हलत राहिलं तरच भरून निघतो. दिवे बंद असले की प्रवाळातली सूक्ष्म शैवालं ऑक्सिजन बनवायचं सोडून वापरायला लागतात. खडकातले जिवाणू वापरतात आणि कालचा गाळ कुजताना सगळ्यांत जास्त ओढतो. पिवळा टँग मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला. टँगला दम कमी, तो नेहमी पहिला सांगतो.

दुपारी 1.00 ते 3.00
मग्ग्याने पाणी उपसायचं आणि वितभर उंचीवरून परत ओतायचं. आधी मी, मग बायको, मग पुन्हा मी. शंभरानंतर मोजणं सोडलं.

दुपारी 3.10
शेजारच्या काकू दारात आल्या, भिजलेली चादर बघून म्हणाल्या, "अहो, मग सांगायचं ना! आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पंखा चालू आहे सकाळपासून." वेव्हमेकरला दहा वॅटसुद्धा लागत नाहीत. पाच तास हे माझ्या डोक्यात आलं नाही. काकूंच्या वायरवर एक वेव्हमेकर लावला. पातळी चार इंच उतरल्याने तो उघडा पडला होता, म्हणून आधी खाली सरकवला. टँग तोवर खडकाला टेकून आडवा झाला होता.

दुपारी 4.50
वीज आली आणि आमच्या घरातून लगेच गेली. ओल्या बोर्डाने ट्रिप केलं. तो बोर्ड फेकून दुसरा लावेपर्यंत पावणेसहा.

संध्याकाळी 6.30
पंप सुरू झाला, वरची टाकी भरली, सम्प रिकामा पडला. पातळी कमी दिसली की गोडं पाणी भरणारा फ्लोट स्विच आहे. तो बाष्पीभवनाची भरपाई करायला असतो. सांडलेलं पाणी खारं होतं, हे त्याला कळायचं कारण नाही. त्याने इमानदारीत गोड्या पाण्याचा कॅन रिकामा केला. तासाभरात क्षारता 35 वरून 32 वर. मी फरशी धूत होतो.

मंगळवार, सकाळी 6.00
पाणी दुधासारखं. अमोनियाच्या चाचणीत नळी हिरवी, म्हणजे अमोनिया वाढलेला. टँग मेलेला, कोळंबीही. लेदर मिटलेला, त्याच्या बुडाशी वास. क्लाउनफिशची जोडी तेवढी कोपऱ्यात तग धरून. तोच कोपरा, चकाचक केलेला.

तुमच्याकडे सम्पवाली टाकी असेल तर पाइपचं भोक टूथपिकने आजच साफ करा. मग बोर्ड जमिनीवरून उचला, पंपाचा स्विच बंद करा आणि घळघळ थांबेपर्यंत तिथेच उभे राहा.