स्कीमा व्हॅलिडेशन म्हणजे काय? एका रकान्याच्या फरकाने ८५ लाख कॉम्प्युटर कसे बंद पडले?

१९ जुलै २०२४, शुक्रवारची सकाळ. भारतातल्या विमानतळांवर चेक-इनच्या रांगा पुढे सरकत नव्हत्या. स्क्रीन निळे पडले होते आणि कर्मचारी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. त्या पासचे फोटो दिवसभर व्हायरल झाले. भारतातच नाही, तर जगभरात विमानतळ, बँका आणि रुग्णालयांचं काम विस्कळीत झालं होतं.

'मायक्रोसॉफ्ट बंद पडलं' अशी चर्चा सुरू झाली. पण गडबड क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमध्ये होती. विशेष म्हणजे या अपडेटमधून नवा प्रोग्राम पाठवलेला नव्हता. ती फक्त माहितीची एक फाइल होती. आणि पाठवण्याआधी ती तपासलेलीही होती!

मग तपासूनही चूक कशी सुटली? हे समजून घ्यायचं तर आधी कॉम्प्युटर एखादी फाइल 'तपासतो' म्हणजे नेमकं काय करतो, ते पाहावं लागेल.

स्कीमा म्हणजे काय?

बँकेतला पैसे भरायचा फॉर्म आठवा. खाते क्रमांक कुठे लिहायचा, किती चौकटी, तारीख कोणत्या क्रमाने, सही कुठे, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. काउंटरवरचा कर्मचारी फॉर्म हातात घेतो, एक नजर टाकतो आणि काही राहिलं असेल तर परत देतो.

कॉम्प्युटरच्या जगात या ठरलेल्या नियमांच्या यादीला 'स्कीमा' म्हणतात. आलेला दस्तऐवज या यादीशी ताडून पाहण्याच्या कामाला 'व्हॅलिडेशन' म्हणतात. स्कीमामध्ये साधारणपणे या गोष्टी लिहिलेल्या असतात:

- कोणते रकाने असायलाच हवेत आणि कोणते नसले तरी चालतील
- रकान्यात काय यावं: आकडा, मजकूर की तारीख
- किती लांबीचं यावं: पिनकोड ६ अंकी, आधार क्रमांक १२ अंकी
- कोणत्या नमुन्यात यावं: पॅनमध्ये आधी ५ अक्षरं, मग ४ अंक, शेवटी १ अक्षर
- कोणत्या रकान्याच्या आत कोणता रकाना येईल आणि तो किती वेळा येऊ शकेल

ऑनलाइन फॉर्म भरताना रकान्याखाली लाल अक्षरांत सूचना येते, तेव्हा मागे हेच घडत असतं.

ही पद्धत आली कुठून?

दस्तऐवजाची रचना आधी लिहून ठेवायची आणि मग तिच्याशी दस्तऐवज ताडायचा, ही कल्पना जुनी आहे. १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यातच ती होती. १९९८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने एक्सएमएल आणलं. २००१ मध्ये त्याच संस्थेने 'एक्सएमएल स्कीमा' हे मानक जाहीर केलं. आज मोबाइल अ‍ॅप आणि वेबसाइट एकमेकांशी बोलताना बहुतेक वेळा जेसन ही सुटसुटीत मांडणी वापरतात. तिच्यासाठी 'जेसन स्कीमा' आहे.

आपल्या रोजच्या वापरातही हे आहे. ऑफिस २००७ पासूनची वर्डची डॉक्स किंवा एक्सेलची फाइल म्हणजे खरं तर अनेक एक्सएमएल फाइल्सचं झिप करून ठेवलेलं गाठोडं असतं. त्या गाठोड्यातली रचना बिघडली की फाइल उघडत नाही किंवा 'दुरुस्त करू का?' असा प्रश्न येतो.

तपासणी किती पायऱ्यांची असते?

ढोबळमानाने तीन. देशातल्या लाखो व्यापाऱ्यांशी संबंधित असलेल्या जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवरून त्या पाहू.

१ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आहे. व्यापारी आपल्याच अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बिल बनवतो. ते बिल जेसनच्या रूपात सरकारमान्य पोर्टलवर जातं. सॉफ्टवेअर कोणतंही असो, बिलाची रचना सगळ्यांना एकच पाळावी लागते, कारण तिचा स्कीमा सरकारने अधिसूचित केलेला आहे.

पहिली पायरी: फाइल वाचता येते का? कंस उघडला पण बंद केला नाही, स्वल्पविराम राहिला, तर फाइल इथेच अडकते. अजून स्कीमाचा संबंधच आलेला नसतो.

दुसरी पायरी: स्कीमाशी जुळते का? बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशीच हवी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा हवा: पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३०, पुढची १० अक्षरं पॅनची आणि शेवटचं अक्षर आधीच्या १४ अक्षरांवरून गणित करून काढलेलं.

तिसरी पायरी: अर्थ लागतो का? प्रत्येक रकाना आपल्या जागी बरोबर असूनही बिल चुकीचं असू शकतं. सगळ्या वस्तूंची बेरीज आणि एकूण रक्कम जुळते का? तो जीएसटी क्रमांक खरंच नोंदलेला आणि चालू आहे का? हेच बिल आधी नोंदवलं गेलंय का? हे नुसत्या स्कीमातून कळत नाही. त्यासाठी वेगळे नियम लिहावे लागतात आणि जुन्या नोंदी पाहाव्या लागतात.

सगळं पार पडलं की पोर्टल बिलाला ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड देतं. नाहीतर बिल परत येतं. ई-इन्व्हॉइस सक्तीचं असलेल्या व्यापाऱ्याने या क्रमांकाशिवाय दिलेलं बिल कायद्याने बिलच मानलं जात नाही. त्यामुळे माल घेणाऱ्याचं इनपुट टॅक्स क्रेडिटही अडचणीत येऊ शकतं. एक रकाना चुकला तर पैसे अडकतात ते असे.

स्कीमात बसलं म्हणजे खरं झालं का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो.

'९९९९९९' हा आकडा सहा अंकी आहे, त्यामुळे फक्त अंक मोजणारा स्कीमा तो पिनकोड म्हणून स्वीकारेल. दुसऱ्याचा पॅन टाकला तरी नमुना बरोबरच असतो. स्कीमा आकार तपासतो, खरेपणा नाही. म्हणून 'पोर्टलने घेतलं, म्हणजे बरोबरच असणार' असं समजणं धोक्याचं आहे. व्यापाऱ्याने चुकीच्या ग्राहकाचा, पण चालू असलेला जीएसटी क्रमांक टाकला, तर मशीन तक्रार करेलच असं नाही.

स्कीमाच चुकला तर?

नियम माणसंच लिहितात, त्यामुळे त्यांच्या समजुती नियमांत उतरतात. नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी ए ते झेड चालतील असा नियम केला, की गोव्यातल्या डि'सोझांची अडचण होते, कारण आडनावातलं ते वरचं चिन्ह फॉर्मला मान्य नसतं. मग कुणी ते चिन्ह गाळतं, कुणी त्या जागी रिकामी जागा सोडतं आणि एकाच माणसाची दोन कागदपत्रं एकमेकांशी जुळेनाशी होतात. आडनावाचा रकाना सक्तीचा केला, की फक्त एकच नाव लावणाऱ्यांची तीच गत होते. तमिळनाडूत असे खूप लोक आहेत.

अशा वेळी चूक भरणाऱ्याची नसते. स्कीमा बनवणाऱ्याने खरी माणसं डोळ्यांसमोर ठेवलेली नसतात. स्कीमा हा दिसायला तांत्रिक कागद असला, तरी रांगेत कोण उभा राहू शकेल हे तोच ठरवतो.

मग त्या शुक्रवारी काय झालं?

आता पुन्हा १९ जुलैकडे येऊ. क्राउडस्ट्राइकचं फाल्कन हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर पहारा ठेवतं. कशावर लक्ष ठेवायचं याचे नियम त्याला माहितीच्या फाइल्समधून पाठवले जातात. कंपनीने ऑगस्टमध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार, या विशिष्ट प्रकारच्या नियमांसाठी २१ रकाने ठरलेले होते. फाइल तपासणारा प्रोग्रामही २१ रकाने गृहीत धरत होता. प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर मात्र २० च मूल्यं पुरवत होतं.

हा फरक काही महिने कुणाच्या लक्षात आला नाही. कारण तोवरच्या फाइल्समध्ये २१ व्या रकान्यात 'काहीही चालेल' असंच लिहिलेलं असायचं, त्यामुळे तो वाचण्याची वेळच येत नव्हती. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा २१ वं मूल्य खरोखर मागितलं. ते नव्हतंच. सॉफ्टवेअरने मेमरीत नको त्या जागी वाचायचा प्रयत्न केला. ते विंडोजच्या अगदी गाभ्यात चालत असल्यामुळे अख्खा कॉम्प्युटरच कोसळला.

भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ही फाइल बाहेर पडली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. या ७८ मिनिटांत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटरना फटका बसला. फाइल मागे घेतली तरी बंद पडलेले अनेक कॉम्प्युटर एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले.

थोडक्यात, तपासणारा आणि वापरणारा या दोघांच्या हातात एकाच स्कीमाची वेगवेगळी प्रत होती. तपासणी झाली, पण चुकीच्या यादीशी. त्यानंतर कंपनीने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच मर्यादेची तपासणी घातली आणि नवीन फाइल एकदम सगळीकडे न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवायचं ठरवलं.

तपासणी नेमकी कुठे करायची?

या घटनेतला धडा साध्या वेबसाइटलाही लागू होतो. फॉर्म भरताना ब्राउझरमध्ये दिसणारी लाल सूचना ही तुमच्या सोयीसाठी असते. थोडं तंत्र माहीत असलेला माणूस ती सहज चुकवू शकतो. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते. आधी कुणीतरी पाहिलं असेल, असं मानून जो प्रोग्राम माहिती उघडतो, तोच एक दिवस अडचणीत येतो.

तुमचा फॉर्म अडकला तर काय पाहाल?

- नंबर कॉपी-पेस्ट केला असेल, तर पुढे-मागे रिकामी जागा आली आहे का?
- शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' किंवा एकाच्या जागी 'आय' पडला आहे का?
- तारखेत आधी दिवस मागितला आहे की महिना?
- आकडे मराठीत टाइप झाले आहेत का? अनेक फॉर्म फक्त इंग्रजी अंक स्वीकारतात.
- नावातलं एखादं चिन्ह अडतंय का? तसं असेल तर ते गाळण्याआधी बाकीच्या कागदपत्रांवर नाव कसं आहे ते पाहा.

आणि फॉर्म पहिल्याच फटक्यात स्वीकारला गेला, तरी 'सबमिट' दाबण्याआधी एकदा स्वतः वाचा. रकाने बरोबर भरलेत की नाही ते मशीन पाहील. त्यात लिहिलेलं खरं आहे का, हे तुम्हालाच पाहावं लागेल.