त्वचेचे परजीवी रोग : ऊतकनिदान

त्वचेत किंवा त्वचेखालच्या चरबीत राहणाऱ्या परजीवींमुळे होणारे रोग, त्या जागेचा लहान तुकडा, खरवड किंवा सुईने ओढलेला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखण्याची पद्धत. हे परजीवी तीन प्रकारचे असतात : लेश्मानियासारखे एकपेशीय जीव, फीतकृमी व गोलकृमी यांसारखे कृमी आणि खरजेचा माइट किंवा माशीची अळी यांसारखे संधिपाद प्राणी. जिवंत शरीरातून काढलेल्या ऊतकाच्या तपासणीला जीवोतक परीक्षा म्हणतात. रुग्णालयात तिला सर्रास बायोप्सी म्हटले जाते आणि रुग्णांच्या बोलण्यात ‘तुकडा तपासायला पाठवला’ एवढेच येते. परजीवी प्रत्यक्ष दिसला तर निदानाबद्दल बहुधा शंका उरत नाही, मात्र तो दिसला नाही म्हणून रोग नाही असे ठरत नाही. या तपासणीतल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्याने होतात.

नाशिक जिल्ह्यात या निदानाला विशेष महत्त्व आहे, कारण येथे एकमेकांपासून फार वेगळी अशी राहणीमाने शेजारी शेजारी नांदतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे सह्याद्रीतले पावसाळी, आदिवासीबहुल तालुके. सिन्नर, येवला व नांदगाव हे पर्जन्यछायेतले तालुके. यंत्रमागांचे दाट वस्तीचे मालेगाव. आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, जेथे उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार राहतात. देवळालीला लष्कराचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र असल्याने वाळवंटी सीमेवर राहून आलेले जवानही येथे असतात. त्यामुळे अंगावर उठलेल्या एकाच दिसणाऱ्या गाठीमागे रुग्ण कोठून आला यावर पूर्णपणे वेगळी कारणे संभवतात. तालुक्याच्या ठिकाणी घेतलेला तुकडा बहुधा मोठ्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात तपासला जातो. जिल्हा रुग्णालय, आडगाव येथील मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि घोटीजवळ धामणगाव येथील एस.एम.बी.टी. महाविद्यालय ही त्यांतली प्रमुख ठिकाणे होत. राज्यातील वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून नाशिकलाच आहे.

तुकडा कोठून आणि किती खोल घेतला यावर निदानाचे अर्धे यश ठरते. जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने, ज्याला पंच म्हणतात, त्वचेचा दंडगोलाकार तुकडा काढला जातो. परजीवी त्वचेखालच्या चरबीत असण्याचा संभव असेल तर हा तुकडा पुरत नाही आणि चिरा देऊन गाठ पूर्ण काढावी लागते. जुन्या, खाजवून खरवडलेल्या किंवा जंतुसंसर्गाने पिकलेल्या जागेपेक्षा नव्याने उठलेली जागा निवडणे इष्ट असते. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रवात, बुडवून ठेवतात. फॉर्मॅलिन ऊतक टिकवते, परंतु परजीवीला मारते व त्याचे जनुकद्रव्य हळूहळू मोडते. म्हणून संवर्धन किंवा पीसीआर, म्हणजे जनुकद्रव्याची वृद्धी करून ओळखण्याची चाचणी, करावयाची असल्यास तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधीच वेगळा करावा लागतो. त्याच वेळी ताजा कापलेला पृष्ठभाग काचेवर हलकेच टेकवून ठसा घेतल्यास काही मिनिटांतच गिम्झा रंजकाने रंगवून पाहता येते. हे साधे पाऊल बऱ्याचदा वगळले जाते आणि त्याची भरपाई नंतर करता येत नाही. पुढे तुकडा मेणात बसवून त्याचे सुमारे ४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या चौपट, जाडीचे छेद घेतात. या जाडीने ४ मिलिमीटरच्या तुकड्यातून हजार छेद निघू शकतील, पण नेहमीच्या तपासणीत त्यांतले थोडेच काचेवर चढतात. त्यामुळे संशय बळकट असेल तर मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोलवरचे छेद मागवणे ही विकृतितज्ज्ञाची जबाबदारी ठरते.

जिल्ह्यात सर्वाधिक आढळणारा असा रोग म्हणजे खरूज, आणि गंमत नव्हे तर शिस्तीची बाब अशी की तिच्यासाठी बायोप्सी सहसा लागू नये. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे आणि त्याच्या कक्षेतल्या निवासी आश्रमशाळांत मुले जवळजवळ झोपतात, पांघरुणे व कपडे एकमेकांचे वापरतात. खरजेचा प्रसार अंगाला अंग बराच वेळ लागल्याने होत असल्याने सिंहस्थातील स्नानाच्या क्षणिक गर्दीपेक्षा अशी रोजची दाटी तिला अधिक पोषक असते. सार्कोप्टिस स्कॅबिआय या माइटची मादी ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात, शृंगस्तरात, बोगदा करत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. सुदृढ माणसाच्या अंगावर एका वेळी साधारण दहा-पंधराच माइट असतात. त्यामुळे खाज सर्वांगाला असली तरी बहुतेक पुरळात माइट नसतो आणि चुकीच्या जागेचा तुकडा रिकामा निघतो. बोटांच्या बेचक्यातला किंवा मनगटावरचा बोगदा शोधून तेथे खनिज तेलाचा थेंब टाकून खरवडणे, किंवा डर्मोस्कोप या भिंगाच्या साधनाने त्रिकोणी डोके पाहणे, ही अधिक सोपी व स्वस्त वाट आहे. तुकडा घेतलाच तर शृंगस्तरात माइट, अंडी किंवा विष्ठेचे गोळे दिसल्यास निदान पक्के होते. माइट नसतानाही फुटलेल्या अंड्यांची गुलाबी, वळलेली टरफले शृंगस्तराला चिकटलेली आढळतात आणि त्यांवरून खरूज ओळखता येते. जांघेत व जननेंद्रियांवर राहणाऱ्या खरजेच्या गाठींत लसीका पेशींची इतकी दाट गर्दी असते की अननुभवी नजरेला ती कर्करोगाची वाटू शकते. उलट टोकाला पपुद्र्यांची, जुन्या नावाने नॉर्वेजियन, खरूज असते. १८४८ मध्ये डॅनियलसन व बोएक यांनी ती कुष्ठरुग्णांत वर्णिली. तिच्यात माइटांची संख्या हजारांपासून लाखांपर्यंत जाते, खाज मात्र कमी असू शकते, आणि सोरायसिस समजून स्टिरॉइड मलमे दिली गेल्याने ती आणखी पसरते. अशा रुग्णात एकाच छेदात अनेक माइट दिसतात व ऊतकनिदान खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला.

निदानाची सर्वांत कठीण परीक्षा लेश्मानिया घेतो. याच परजीवीमुळे होणाऱ्या काळा आजाराच्या उपचारानंतर काही महिन्यांपासून काही वर्षांनी चेहऱ्यावर व अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी उठतात. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये हा विकार प्रथम वर्णिला आणि त्याला काळा आजारोत्तर त्वचा-लेश्मानियासिस म्हणतात. महाराष्ट्र काळा आजाराच्या प्रसारक्षेत्रात मोडत नाही, पण हा त्वचाविकार बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराच्या अंगावर येथे दिसू शकतो, आणि दिसला तर तो कुष्ठरोग समजला जाण्याची भीती असते, कारण कुष्ठरोगाचे रुग्ण राज्यात अद्याप सापडतात व डॉक्टरांची नजर त्याच रोगाला सरावलेली असते. दोन्हींत चट्टे फिके असतात. मात्र लेश्मानियाच्या चट्ट्यात संवेदना टिकून असते आणि मज्जातंतू जाड झालेले नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली भक्षक पेशींच्या आत २ ते ४ मायक्रोमीटरचे गोलसर परजीवी दिसतात व त्या प्रत्येकात केंद्रकाशेजारी कायनेटोप्लास्ट नावाची लहानशी काडी असते. ही काडी दिसणे निर्णायक असते : हिस्टोप्लाझ्मा हे यीस्ट आकाराने तसेच असते, परंतु त्यात ती नसते व चांदीच्या रंजकाने ते काळे उठून दिसते. कुष्ठरोगाच्या जीवाणूंसाठी फाइट-फाराको रंजन वेगळे करावे लागते. गाठीत परजीवी भरपूर सापडतात, सपाट चट्ट्यात मात्र ते इतके विरळ असतात की अनेक छेद पाहूनही हाती काही लागत नाही. म्हणून दोन्ही प्रकारचे घाव असतील तर गाठीतूनच तुकडा घ्यावा आणि केवळ चट्टेच असतील तर पीसीआरचा आधार घ्यावा. आरके-३९ ही रक्तचाचणी जुन्या काळा आजारानंतर वर्षानुवर्षे होकारार्थी राहत असल्याने तिच्या आधारावरच निदान करता येत नाही. त्वचेला बारीक चीर देऊन कडेचा द्रव काचेवर पसरण्याचे जे कौशल्य राज्यातल्या कुष्ठरोग कार्यक्रमातील तंत्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आहे, ते लेश्मानियासाठीही जसेच्या तसे कामी येते. मात्र या कौशल्याचा असा वापर फार कमी होतो. राजस्थानात बिकानेर परिसरात लेश्मानिया ट्रॉपिकामुळे होणारा व्रण वेगळा असतो. वाळूमाशी चावल्याच्या उघड्या जागी तो होतो आणि त्याच्या उंचावलेल्या कडेतून घेतलेल्या नमुन्यात परजीवी असण्याची शक्यता अधिक असते. कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी १८८५ मध्ये दिल्ली व्रण या नावाच्या अशाच व्रणाच्या छेदांत हे परजीवी पाहिले होते, परंतु त्यांचे खरे स्वरूप लाइशमन व डोनोव्हन यांच्या १९०३ मधील कार्यानंतर उलगडले.

कृमींच्या बाबतीत परजीवी मोठा असल्याने निदान सोपे वाटते, पण ते छेदाच्या दिशेवर अवलंबून असते. डुकराच्या फीतकृमीच्या सिस्टिसर्कस अळीमुळे त्वचेखाली टणक, हलणारी गाठ होते. सुईने ओढलेल्या द्रवात लहरी पृष्ठभागाचा पडदा, क्वचित आकडे, आणि फीतकृमींची खूण असलेले चुनखडी कण दिसतात. हे निदान त्वचेपाशी संपत नाही : मेंदू व डोळा यांची चित्रतपासणी झाल्याखेरीज कृमिनाशक औषध सुरू करणे धोक्याचे असते. कुत्र्यातून डासांमार्फत येणाऱ्या डायरोफिलेरिया रेपेन्स या गोलकृमीची गाठ चेहऱ्यावर किंवा डोळ्याजवळ होते; आडव्या छेदात कृमीच्या बाह्यकवचावर उभ्या कण्यांची ओळ दिसते आणि गाठ काढणे हाच उपचार ठरतो. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या, ज्या पूर्व विदर्भासारख्या प्रसारक्षेत्रातून आलेल्या रुग्णात गाठीतल्या द्रवात अनपेक्षितपणे सापडतात, त्यांना आवरण असते व शेपटीच्या टोकात केंद्रके नसतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूतून शिरणाऱ्या अंकुशकृमीच्या अळीने त्वचेत नागमोडी रेघ उठते. अळी रेघेच्या टोकापुढे सरकलेली असल्याने तेथून घेतलेला तुकडा जवळजवळ नेहमीच रिकामा निघतो, तेव्हा तो घेऊच नये. नारूसाठी तुकड्याची गरज कधीच नव्हती, कृमी स्वतःच फोडातून डोके काढत असे. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला व २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला, तरी जुन्या रुग्णांच्या अंगात चुनखडी झालेले कृमी क्ष-किरण चित्रात आजही दिसू शकतात.

परजीवींशी गोंधळ घडवणारा आणखी एक रोग महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासाशी जोडलेला आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, ज्यांनी ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रे काढली, त्यांनी मदुरापाद, म्हणजे अनवाणी पायाला होणारी दाणेदार स्रावाची सूज, ऊतकाच्या तपासणीवरून वर्णिली व १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हा विकार बुरशी किंवा जीवाणू यांमुळे होतो, परजीवीमुळे नव्हे. तसेच नाक व क्वचित त्वचेत गाठी करणारा ऱ्हायनोस्पोरिडियम, ज्याच्या बीजाणूंनी भरलेल्या मोठ्या पिशव्या छेदात सहज ओळखू येतात, पूर्वी बुरशी मानला जात असे. १९९९ मधील जनुक अभ्यासाने तो प्राणी व बुरशी यांच्या सीमेवरील एका वेगळ्या जलचर गटात ठेवला गेला.

छेदात इओसिनोफिल, म्हणजे लाल रंग घेणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुष्कळ असल्या तर परजीवीचा संशय येतो, पण त्या औषधाच्या प्रतिक्रियेत किंवा कीटकदंशातही असतात. केसांच्या मुळाशी राहणारा डेमोडेक्स माइट निरोगी त्वचेतही सापडत असल्याने तो दिसला म्हणजे रोग सापडला असे नाही. नमुन्यासोबतच्या अर्जावर रुग्णाचे गाव, व्यवसाय, स्थलांतर, पाळीव जनावरे, पूर्वी झालेला काळा आजार आणि दिलेली स्टिरॉइड औषधे हे नोंदवलेले असेल तर विकृतितज्ज्ञ कोणते रंजन वापरायचे व किती छेद पाहायचे हे ठरवू शकतो. केवळ ‘त्वचेची गाठ’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर त्याला उत्तरही तितकेच मोघम द्यावे लागते. मेणाचा ठोकळा विभागात जपून ठेवला जात असल्याने नंतर माहिती मिळाली तरी त्याच तुकड्याचे नवे छेद घेता येतात.