दुधाचे दात: कधी येतात, कधी पडतात आणि दवाखाना कधी गाठायचा

बाळाला पहिला दात दिसला की घरात खुशी होते आणि पाठोपाठ दादी-नानीच्या सूचना सुरू होतात. त्यात कामाचं किती आणि नुसतं ऐकीव किती, हे पालकांना एका जागी पाहता यावं म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

दात येताना

दुधाचे दात एकूण 20. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन येतात, मग वरचे. थोडं मागेपुढे झालं तर घाबरू नका. मात्र दीड वर्षापर्यंत एकही दात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. कुरआनात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षं सांगितली आहे. तोवर बहुतेक मुलांना 16 च्या आसपास दात असतात. शेवटच्या दाढा अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात.

लाळ गळणं, चावत राहणं, किरकिर करणं दातांमुळे होतं. जोराचा ताप आणि जुलाब मात्र "दात येतायत" म्हणून अंगावर काढू नका. या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कमी होते आणि मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. जुलाब त्यातून लागतात. ओआरएस द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि दवाखान्यात न्या. ओआरएस आशाताईंकडे मिळतं.

आपल्या भागात अनेक बायका मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. बाळाच्या हिरडीला ती कधीच लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नका.

दात पडताना

सहा-सात वर्षांत खालचे पुढचे दात पडतात, सात-आठमध्ये वरचे. सुळे आणि दुधाच्या दाढा 9 ते 12 या वयात जातात. पडलेला दात कौलावर फेकणं हा रिवाज आहे, दीनचा हुकूम नाही.

सगळ्यात जास्त गफलत होते ती सहाव्या वर्षीच्या दाढेबद्दल. ती कुठलाही दात न पडता सगळ्यात मागे येते. घरचे तिला दुधाची समजतात, किडली तरी "पडेलच" म्हणून सोडून देतात. ती कायमची आहे, गेली की परत येत नाही.

दुधाची दाढही किडून लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. दुधाचा दात हलत नसताना मागून नवा दिसू लागला तर डॉक्टरांना दाखवा.

रोजची काळजी

पहिल्या दातापासून ब्रश सुरू करा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. मिसवाक सुन्नत आहे, मुलांना तिची सवय जरूर लावा. पण मागच्या दाढांसाठी रात्रीचा ब्रश हवाच. रमजानमध्ये इफ्तारचा शरबत, खजूर झाल्यावर मुलांना चूळ भरायला लावा.

घरात बोअरचं पाणी पीत असाल तर ते तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, आणि ते घासून जात नाहीत.

मार लागून दात निघाला तर

कायमचा दात मुळापासून निघाला तर मुळाला हात लावू नका. दात दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासात दातांच्या डॉक्टरांकडे पोहोचा. तो परत बसवता येऊ शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

कुठे दाखवायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी होते, त्यात दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मोठ्या उपचारासाठी लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं दंत महाविद्यालय आहे. पण तिथवर जायची वेळ येऊ नये यासाठी एक करा: मूल सहा वर्षांचं झालं की उजेडात तोंड उघडायला लावून मागची दाढ स्वतः पाहा.